क्रमांक कोणता, मुक्काम किती?

शाळकरी मुलाच्या बोटावर उठलेली चामखीळ आणि पन्नाशीतल्या बाईला झालेला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, या दोन्हींच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणजेच एचपीव्ही हेच नाव येतं. नाव एक असलं तरी विषाणू एक नाही. आजवर त्याचे 200हून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत आणि शास्त्रज्ञांनी त्यांना वेगवेगळी नावं देण्याऐवजी सरळ क्रमांक दिले आहेत. 1 क्रमांकाचा तळपायात चामखीळ उठवतो, 6 क्रमांकाचा जननेंद्रियांवर. 16 क्रमांकाचा मात्र जीव घेऊ शकतो. त्यामुळे नुसतं 'एचपीव्ही झालाय' एवढं कळून काहीच कळत नाही. त्यापुढे दोन प्रश्न विचारावे लागतात. क्रमांक कोणता? आणि तो शरीरात किती काळ मुक्काम ठोकून आहे? या प्रश्नांचा माग काढायला वैद्यकशास्त्राला शतकभर लागलं. त्या शोधातला एक मोलाचा टप्पा बार्शी आणि उस्मानाबादच्या खेड्यांत पार पडला, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे.

विषाणू तसा अगदी लहान. गोल वळ्यासारखा डीएनए, त्यात जेमतेम 8,000 अक्षरजोड्या आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी जनुकं. तो रक्तात शिरत नाही, ताप आणत नाही. त्वचेला किंवा आतल्या ओलसर अस्तराला बारीकशी चीर पडली की तिथून सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत उतरतो आणि त्या पेशी वर सरकत जातात तसतसा स्वतःच्या प्रती काढतो. शरीराच्या संरक्षक यंत्रणेला त्याचा पत्ता उशिरा लागतो तो यामुळेच. दाह नाही, सूज नाही, दुखणं नाही.

त्वचेवर राहणाऱ्या प्रकारांपैकी 1, 2, 4, 27 आणि 57 हे नेहमीचे. हातावरच्या खरखरीत चामखिळी आणि तळव्यातल्या टोचणाऱ्या चामखिळी यांच्याच. तळव्यातली चामखीळ पुष्कळदा कुरूप समजून ब्लेडने कापली जाते आणि मग आजूबाजूला आणखी चार उठतात. 3 आणि 10 या क्रमांकांमुळे चेहऱ्यावर आणि हातांच्या पाठीवर चपट्या, बारीक चामखिळी येतात. 7 क्रमांकाचा प्रकार तर मांस कापण्याचा धंदा करणाऱ्यांच्या हातांवर विशेष आढळतो. मानेवर किंवा काखेत लोंबणाऱ्या मऊ गाठींनाही आपल्याकडे चामखीळच म्हणतात, पण त्या बहुतेक वेळा निव्वळ कातडीची वाढ असतात. घोड्याचा केस बांधून किंवा चुना लावून चामखीळ 'पाडण्याचे' घरगुती उपाय यशस्वी वाटतात, त्याचंही कारण साधं आहे. लहान मुलांच्या बहुतेक चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं.

त्वचेवरचे प्रकार निरुपद्रवी, असं म्हणून मोकळं होता येत नाही. 1922 साली लेवांडोव्स्की आणि लुट्झ या दोघांनी एका विलक्षण दुर्मीळ आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं. या आजारात शरीर काही ठराविक एचपीव्ही प्रकारांना अटकावच करू शकत नाही. सगळ्या अंगावर चामखिळी आणि चट्टे पसरतात आणि उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर पुढे कर्करोग होतो. पोलंडच्या त्वचारोगतज्ज्ञ स्तेफानिया याब्लोन्स्का आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले जेरार ऑर्थ यांनी 1970च्या दशकात या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि 5 व 8 हे क्रमांक कर्करोगाशी जोडलेले असल्याचं दाखवलं. एचपीव्ही माणसात कर्करोग घडवू शकतो याचा पहिला ठोस धागा गर्भाशयात नव्हे, त्वचेवर सापडला.

जननमार्गात आणि त्याच्या आसपास राहणारे प्रकार सुमारे 40. त्यांतले 6 आणि 11 हे कर्करोगाच्या दृष्टीने कमी धोक्याचे. जननेंद्रियांवरच्या चामखिळींपैकी जवळजवळ 90 टक्के या दोघांच्या. जिवाला धोका नसला तरी त्या पुन्हा पुन्हा येतात आणि माणूस त्या लाजेपोटी लपवतो. याच दोन क्रमांकांचा एक क्रूर चेहरा मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. क्वचित प्रसंगी बाळंतपणात आईकडून हा विषाणू बाळाच्या घशात जातो. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा आवाज बसतो, श्वास घेताना घरघर होते, आणि तपासल्यावर स्वरयंत्रावर चामखिळींचे घोस दिसतात. काढल्या तरी पुन्हा उगवतात. काही मुलांना बालपणात कित्येक शस्त्रक्रिया सोसाव्या लागतात. 'कमी धोक्याचा' हा शिक्का कर्करोगापुरताच खरा आहे.

आता मुख्य आरोपी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 12 क्रमांक निःसंशय कर्करोगकारक ठरवले आहेत: 16, 18, 31, 33, 35, 39, 45, 51, 52, 56, 58 आणि 59. या बारांतही उजवं-डावं आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या 16च्या खात्यात जातात. 18ची भर घातली की जगभरातला आकडा 70 टक्क्यांपर्यंत पोचतो, भारतात तो 80च्या घरात आहे. पूर्व आशियात 52 आणि 58 यांचं प्रमाण तुलनेने जास्त, आफ्रिकेत 35चं. 18 आणि त्याचा जवळचा नातेवाईक 45 यांची खोड वेगळीच आहे. ते गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतल्या ग्रंथींच्या पेशींत बस्तान बसवतात. पॅप तपासणीत वरवरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात, त्यामुळे आत दडलेला हा कर्करोग तिच्या नजरेतून निसटू शकतो. क्रमांक ओळखण्याला महत्त्व येतं ते असं.

हे सगळं कळलं कसं? इटलीतल्या वेरोना शहरात 1842 साली दोमेनिको रिगोनी-स्टर्न या डॉक्टरने मृत्यूच्या नोंदी चाळल्या. त्याला दिसलं की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांना जास्त आणि जोगिणींना अगदी कमी होतो. संबंधातून काहीतरी पसरतं, हा अंदाज तेव्हापासून घोळत राहिला. 1907 मध्ये ज्युसेप्पे चुफो यांनी चामखिळीचा पेशीविरहित अर्क टोचून चामखीळ उठवून दाखवली, म्हणजे तिच्या मुळाशी विषाणू असल्याचं दिसलं. 1970च्या दशकात बहुतेकांचा संशय हर्पिस विषाणूवर होता. हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन विषाणुतज्ज्ञाला गाठींमध्ये हर्पिस सापडेना, म्हणून त्यांनी एचपीव्हीचा माग धरला. प्रवाहाच्या उलट पोहत त्यांनी 1983 मध्ये 16 आणि 1984 मध्ये 18 क्रमांक कर्करोगाच्या ऊतींतून वेगळे केले आणि ते इतर प्रयोगशाळांना खुल्या मनाने वाटले. 2008 साली त्यांना नोबेल मिळालं. बाल्टिमोरमध्ये 1951 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी त्यांची परवानगी न घेता प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या आणि आजही जगभर वाढत आहेत. त्या 'हेला' पेशींतही 18 क्रमांकच निघाला.

विषाणूची शस्त्रं दोन प्रथिनं आहेत, ई6 आणि ई7. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा संपवणारं पी53 नावाचं प्रथिन आपल्या पेशींत असतं. ई6 त्याचा नाश घडवून आणतं. पेशीने वेळेआधी विभागू नये म्हणून पहारा देणारं दुसरं प्रथिन आहे, त्याला ई7 निकामी करतं. जास्त धोक्याच्या क्रमांकांची ही दोन प्रथिनं 6 आणि 11च्या तुलनेत कितीतरी कार्यक्षम असतात. फरकाचं मूळ तिथे आहे.

पण कर्करोग हा या संसर्गाचा नियम नाही, अपवाद आहे. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना केव्हा ना केव्हा एचपीव्ही गाठतोच, आणि दहापैकी नऊ संसर्ग दोन वर्षांच्या आत शरीर स्वतःच परतवून लावतं. उरलेल्या थोड्यांत विषाणू ठाण मांडतो. त्यातूनही कर्करोग व्हायला साधारणपणे 15 ते 20 वर्षं लागतात. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या स्त्रियांत हा काळ 5 ते 10 वर्षांवर येतो आणि धोका सहापट होतो. बाकीच्यांना मिळालेली ही वीस वर्षांची सवलत वैद्यकात फार कमी आजार देतात. तपासणीचा सगळा आधार त्या सवलतीवर उभा आहे. आणखी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. संसर्ग वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. त्यामुळे वीस वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या तपासणीत एचपीव्ही निघाला, तर त्यावरून तिच्या किंवा नवऱ्याच्या वागण्याबद्दल कोणताही निष्कर्ष निघत नाही. या कागदावरून घरात भांडणं झाली तर तो त्या बाईवर दुहेरी अन्याय आहे.

हा 'बायकांचा आजार' मानण्याची चूकही सर्रास होते. गुदद्वाराच्या कर्करोगांपैकी सुमारे 90 टक्के एचपीव्हीमुळे होतात. योनी, बाह्य जननेंद्रियं आणि शिश्न यांच्या कर्करोगांतही त्याचा हात असतो. अमेरिकेत जिभेचं मूळ आणि टॉन्सिल इथे 16 क्रमांकामुळे होणारे घशाचे कर्करोग आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपेक्षा जास्त आहेत, आणि रुग्ण बहुतांशी पुरुष. भारतात मात्र तोंडाच्या कर्करोगाचं खापर एचपीव्हीवर फोडता येणार नाही. तिथे गुटखा, मावा आणि मिश्रीच मुख्य गुन्हेगार आहेत.

भारताचा खरा प्रश्न गर्भाशयमुखाचा. 2022च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात 1 लाख 27 हजारांहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि जवळजवळ 80 हजार दगावल्या. जगातल्या साडेतीन लाख मृत्यूंपैकी दर पाचांत एकाहून जास्त मृत्यू आपल्याकडचे.

या आकड्यांना उत्तर शोधण्याचं काम महाराष्ट्राच्या एका कोरडवाहू पट्ट्यात झालं. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या खेड्यांसाठी 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली होती. गावोगाव जाऊन कोणाला काय झालं, कोण केव्हा गेलं, याची शिस्तीने नोंद ठेवण्याची सवय त्यामुळे तिथे लागली. त्या पायावर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड चाचणी उभी राहिली. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेतला रंगस्वामी शंकरनारायणन यांचा चमू यांनी मिळून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्याला फक्त नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. बोलावलेल्या दहापैकी जवळजवळ आठ बायका आल्या. आतल्या तपासणीसाठी बायका येणारच नाहीत, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगाने 64 स्त्रिया गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात 34. पॅपच्या गटात 54 आणि डोळ्यांनी पाहणी केलेल्या गटात 56, म्हणजे ठामपणे फायदा म्हणावा असा फरक त्या दोन्हींत दिसला नाही. आणि ज्यांची एचपीव्ही चाचणी निर्दोष आली, त्यांच्यातली एकही त्या आठ वर्षांत या कर्करोगाने दगावली नाही. एकच चाचणी, तीही एकदाच, आणि मृत्यू निम्म्यावर. आज अनेक देश पॅप बाजूला ठेवून एचपीव्ही चाचणी आधी करतात, त्यामागच्या पुराव्यांत या खेड्यांतल्या बायकांचा वाटा मोठा आहे.

या कामावर कठोर टीकाही झाली. चौथ्या गटातल्या 31,488 स्त्रियांना तपासणी का दिली नाही, आजार टाळता येतो हे ठाऊक असताना त्यांना तसंच का सोडलं, हा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी विचारला. तो रास्त आहे. देशातल्या जवळजवळ सगळ्याच ग्रामीण स्त्रियांना तेव्हा तपासणी मिळत नव्हती, हे त्यावर संशोधकांचं उत्तर. ते खरं असलं तरी मनाचं समाधान करत नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारकाच्या सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने दुसरी वाट तपासली. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या चाचणीत थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांनी अॅसिटिक आम्ल लावून पाहणी केली, दर दोन वर्षांनी, चार वेळा. बारा वर्षांनंतर मृत्यू 31 टक्क्यांनी कमी भरले. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या पाहणीला जमलं नाही ते मुंबईत पुन्हा पुन्हा केल्याने काही अंशी साधलं. प्रयोगशाळा नाही, अहवालाची वाट पाहणं नाही, आणि पाहणारी बाई ओळखीच्या वस्तीतली.

तपासणी पोचत नाही तिथे भीती पोचते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 82 हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यांतल्या कित्येकींची ऐन तरुणपणी. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, म्हणून गेलेल्या बाईला 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असं सांगितलं गेल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. पांढरं जाण्याची साधी, औषधाने बरी होणारी कारणं अनेक असतात. कर्करोगाचीच शंका असेल तर तिचं उत्तर चाचणीने मिळतं. संबंधानंतर रक्त जाणं किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, ही मात्र तातडीने दाखवण्याची लक्षणं.

लशीची कहाणीही क्रमांकांचीच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी 1991 मध्ये दाखवलं की विषाणूच्या एल1 या बाहेरच्या प्रथिनाचे रेणू आपोआप जुळून हुबेहूब विषाणूसारखं पोकळ कवच बनतं. आत डीएनए नाही, म्हणजे संसर्ग शक्यच नाही. पण शरीर फसतं आणि प्रतिपिंडं तयार ठेवतं. 2006 मध्ये आलेल्या गार्डासिलमध्ये 6, 11, 16 आणि 18 अशी चार कवचं होती. नंतर आलेल्या सर्व्हारिक्समध्ये 16 आणि 18 दोनच. 2014 मध्ये 31, 33, 45, 52 आणि 58 यांची भर पडून नऊ क्रमांकांची लस आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023च्या जानेवारीत बाजारात आली. तीही चार क्रमांकांची. लस आधीचा संसर्ग घालवत नाही, म्हणून ती 9 ते 14 या वयात देणं सर्वांत हिताचं.

भारतात या लशीची सुरुवात वाईट झाली. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एका प्रात्यक्षिक प्रकल्पात मुलींना लस दिली गेली. त्यांतल्या सात मुली दगावल्या. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींसाठी पालकांऐवजी अधीक्षकांनी संमतीवर सह्या केल्याचं उघड झालं आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. संमती हा सोपस्कार मानला की चांगल्या औषधावरचाही विश्वास उडतो. देशाने त्याची किंमत वर्षानुवर्षं मोजली.

त्याच गोंधळातून एक अनपेक्षित ज्ञान हाती आलं. पुणे आणि बार्शीसह नऊ ठिकाणी दोन डोस पुरेत की तीन लागतील याची वेगळी चाचणी 2009 पासून सुरू होती. 2010च्या एप्रिलमध्ये सरकारने लसीकरण थांबवलं आणि सुमारे 5,000 मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं त्यांची नोंद ठेवली. 16 आणि 18 यांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने 95 टक्के संरक्षण दिल्याचं 2021 मध्ये जाहीर झालं. केनिया आणि कोस्टा रिकातल्या अभ्यासांची जोड मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एक डोस पुरेल असा पर्याय मान्य केला. गरीब देशांचा खर्च त्यामुळे निम्म्यावर आला.

स्कॉटलंडमध्ये 12-13व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींच्या तुकडीत 2024च्या अहवालापर्यंत या कर्करोगाचा एकही रुग्ण सापडला नव्हता. ऑस्ट्रेलियात मुलींना लस मिळू लागल्यावर तरुण पुरुषांतल्या जननेंद्रियांच्या चामखिळीही झपाट्याने कमी झाल्या. जपानमध्ये उलट घडलं. दुष्परिणामांच्या बातम्यांनंतर सरकारने 2013 मध्ये शिफारस मागे घेतली आणि 70 टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एका टक्क्याच्याही खाली आलं. शिफारस पूर्ववत व्हायला 2022 उजाडलं. मधल्या वर्षांतल्या मुली त्या संरक्षणाला मुकल्या.

लस मुलींसाठी, चाचणी त्यांच्या आयांसाठी. आणि आयांचा आकडा काळजाला घरं पाडणारा आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या 2 टक्केही नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेचं 2030चं उद्दिष्ट 70 टक्क्यांचं आहे, वयाच्या 35व्या आणि 45व्या वर्षी दोनदा. ज्या पद्धतीचा कस उस्मानाबादच्या बायकांनी आपल्या अंगावर लावून दिला, ती त्यांच्याच लेकी-सुनांपर्यंत पोचू नये, याची लाज सगळ्या राज्याला वाटायला हवी.

साधनांची अडचण मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. नमुना बाई स्वतः घेऊ शकते. मऊ ब्रश आत फिरवून कुपीत ठेवायचा, टेबलावर झोपायला नको की कुणासमोर संकोच नको, आणि विषाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या चाचण्यांत असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या तोडीस तोड ठरतो. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे छोटं, बॅटरीवर चालणारं यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी सरकारी केंद्रांत पोचलेलं आहे. त्याच यंत्रावर वेगळी चिप घालून एचपीव्हीची चाचणी करता येते. त्यातली नवी चाचणी 16, 18, 31, 33, 35, 45, 52 आणि 58 हे आठ क्रमांक शोधते, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी 90 टक्क्यांहून अधिक याच आठांमुळे होतात. चाचणीत विषाणू निघालाच तर पुढे गर्भाशयमुखाची पाहणी आणि गरज असल्यास बिघडलेला भाग उष्णतेने जाळून टाकणं. त्याला काही मिनिटं लागतात, पोट उघडावं लागत नाही, पिशवी जागेवर राहते, आणि बाई त्याच दिवशी चालत घरी जाते.